दोरा दिसला तर ओढू नका

या महिन्यात मांजरांची पत्रं इतकी आली की कुत्रेवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. त्यातली तीन घेते. तिन्हींचा विषय एकच आहे: खायचं सोडून भलतंच खाणारी मांजरं. पहिल्या पत्राला जागा जास्त लागणार, कारण तसल्याच गोष्टीवरून मी स्वतः एकदा चुकले आहे.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आमची खारी अकरा महिन्यांची आहे. (रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून हे नाव.) पार्किंगमध्ये सापडली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची असेल, आईचा पत्ता नव्हता. गेले तीन-चार महिने ती नको ते खाते. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, माझे केसांचे रबर, सासूबाईंच्या शालीचे गोंडे, एकदा तर परकराची अर्धी नाडी. शाल असली की आधी पुढच्या पायांनी तिंबत, डोळे मिटून चोखत बसते आणि मग दाढेत धरून कापते. मागच्या आठवड्यात उलटीतून अख्खा रबरबँड निघाला. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी. सासूबाई घरात असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. खाणं विकतचं कोरडं, सकाळी एकदा, रात्री एकदा. सासूबाईंच्या मते कॅल्शियम कमी पडतंय. यांच्या मते ती लाडावली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, एरंडेल पाजा, सगळं निघून जाईल. नेमकं काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ती एरंडेलाची बाटली जागेवर ठेवून द्या. काकूंचा हेतू चांगला आहे, पण मांजराला जबरदस्तीने तेल पाजताना ते हमखास ठसकतं, तेल श्वासनळीत जातं आणि पोटाच्या दुखण्यावर न्यूमोनियाची भर पडते. शिवाय आत खरंच काही अडकलेलं असेल, तर आतडं जोराने ढकलायला लावणं म्हणजे बंद दारावर माणसं लोटण्यासारखं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हा दुसरा घरगुती उपाय, तोही नको. तेवढं मीठ मांजराला विषासारखं बाधू शकतं.

आता तुमच्या यादीकडे बघू. पिशवीचा कोपरा, रबर, गोंडे, नाडी. या चौघांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती नाडीची. रबर वाईटच, पण ते कधी उलटीतून निघतं, कधी शीतून. लांब वस्तूचं तसं नाही.

मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात. तुमचा हात चाटते तेव्हा कानशीसारखं लागतं, तेच. त्या काट्यांवर एकदा दोऱ्याचं टोक बसलं की तो मागेच सरकतो. मांजराला थुंकून टाकायचा असला तरी जमत नाही, गिळणं एवढंच हातात उरतं. मग दोऱ्याचा एक भाग जिभेच्या बुडाला गुंततो, नाहीतर जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतो, आणि उरलेला आतड्यात उतरतो. परकराच्या नेफ्यात नाडी घालून एक टोक धरून ठेवलं आणि दुसरीकडून ओढलं की नेफा कसा चुण्या-चुण्या होऊन एका जागी गोळा होतो, आठवा. आतड्याचं अगदी तसं होतं. आतडं दोरा पुढे ढकलायला बघतं, दोरा जागचा हलत नाही, म्हणून आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. दोरा ताणलेला असतो आणि प्रत्येक चुणीच्या आतल्या कडेवर घासत राहतो. उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात ना, तसा तो आतड्यात रुततो. भोक पडलं की आतला मळ पोटात पसरतो आणि मग वेळ फार थोडा उरतो.

माझा दवाखाना इचलकरंजीत आहे. यंत्रमागाचं गाव, त्यामुळे सुताला इथे तोटा नाही. उंदरांसाठी मागाच्या शेडमध्ये मांजरं ठेवतात आणि ती सुताच्या पसाऱ्यातच लहानाची मोठी होतात. दवाखाना उघडून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा कांड्या भरणाऱ्या एक मावशी बाजारच्या पिशवीत घालून बोका घेऊन आल्या. उलट्या होत होत्या, खाणं बंद होतं. मी पोट चाचपलं, सलाइन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं आणि उद्या आणा म्हटलं. उद्या आणला, पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्याने जांभईसारखं तोंड उघडलं, तेव्हा मला जिभेखाली पांढरी रेघ दिसली. सूत होतं. जिभेच्या मुळाशी रुतून दोन्ही बाजूंनी मांस लाल झालं होतं. पोट उघडलं तेव्हा आतड्याला चार ठिकाणी भोकं पडलेली होती. बोका टेबलावरच गेला. मावशींनी किती झाले विचारलं. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने माझं ओझं काही हलकं झालं नाही. पहिल्याच दिवशी जीभ उचलून बघायला मला दहा सेकंद लागली असती. तेव्हापासून उलटीचं मांजर आलं की मी आधी जीभ उचलते, वजन नंतर करते.

तुम्हालाही हे बघता येईल. खारीला टॉवेलात गुंडाळून कुणीतरी धरा, दुसऱ्याने तोंड उघडून खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागी बाहेरून अंगठ्याने वर दाबा. जीभ आपोआप उचलली जाते आणि खालची जागा दिसते. चावायला लागली तर सोडून द्या, डॉक्टर बघतील. दोरा दिसला तर ओढू नका. कापूही नका, टोक आत गेलं तर शोधणं आणखी अवघड होतं. शी करताना मागून दोरा लोंबताना दिसला तरी नियम तोच. आपल्याला वाटतं, निघतोच आहे, थोडा हात लावू. पण वरचं टोक कुठे अडकलंय ते आपल्याला माहीत नसतं आणि त्या एका झटक्यात आतडं फाटतं. मांजराला उचला आणि तसंच दवाखान्यात न्या.

अजून एक लक्षात असू द्या. साध्या एक्स-रेमध्ये सुई दिसते, दोरा आणि प्लास्टिक बहुतेक वेळा दिसत नाही. दिसतं ते आतड्याचं गोळा होणं, आणि ते ओळखायला अनुभवी नजर नाहीतर सोनोग्राफी लागते. म्हणून काय खाल्लं असेल ते डॉक्टरांना आपणहून सांगा. पुष्कळ लोक लाजतात. नाडी खाल्ली म्हणून सांगायला कसली लाज!

दिवसात दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, चोवीस तास तोंडात घास घेतला नाही, लाळ गळतेय, कपाटाखाली जाऊन पाठ कमानीसारखी करून बसलीय, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं तर रविवार आहे म्हणून थांबू नका. उपाशी मांजराचं, त्यातून अंगाने भरलेलं असेल तर, दोन-तीन दिवसांत यकृत बिघडायला लागतं. ते एक वेगळंच दुखणं मागे लागतं. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

हे झालं तातडीचं. आता मुळाशी जाऊ.

या खोडीला आमच्या पुस्तकात 'पायका' म्हणतात. लॅटिनमध्ये हे मॅगपाय या पक्ष्याचं नाव. तो काहीही चोचीत उचलतो म्हणून त्याचं नाव दिलं. माती-खडू खाणाऱ्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठीही डॉक्टर हाच शब्द वापरतात. खारीचं पत्र वाचून मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात आणि त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

शाल तिंबून चोखणं ही दूध पिण्याची नक्कल आहे. पिल्लू आईच्या पोटाला पंजांनी दाबतं, दूध उतरतं. पिल्लाने निदान आठ, शक्यतो बारा आठवडे आईजवळ असावं. तुमची पाच आठवड्यांची असताना आली, तिचं ते राहूनच गेलं. सयामी आणि बर्मी जातीच्या मांजरांत लोकर चोखणं जास्त दिसतं, पण आपल्या गावठी मांजरांतही मी ते भरपूर पाहिलंय. नुसतं चोखणं निरुपद्रवी आहे. चोखता चोखता कापून गिळणं हा खरा प्रश्न आहे.

पिशवीचे कोपरे आणि रबर ही गोष्ट वेगळी वाटते. अकरा महिन्यांची मांजरी, बारा तास जवळपास एकटी, आणि जेवण दोनदा. बाहेरचं मांजर दिवसभरात दहाएक छोट्या शिकारी करतं. दबा धरणं, झेप घेणं, फाडणं, चावणं, थोडं खाणं, झोपणं, पुन्हा तेच. आपण घरात त्यातलं खाणं तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं काढून घेतलं. दुधाच्या पिशवीला दुधाचा वास, कोपरा कुरकुरीत, हलका, पंजाने ढकलला की पळतो. खारीच्या दृष्टीने तो झुरळाचाच चुलत भाऊ. यजमानांना सांगा, लाडाचा संबंध नाही. ओरडून किंवा पाणी मारून उपयोगही नाही, ती तुमच्या मागे खायला शिकेल, एवढंच.

सासूबाईंच्या कॅल्शियमबद्दल: त्या अगदीच चुकत नाहीत. नुसतं उकडलेलं बिनहाडाचं चिकन खाऊन वाढणाऱ्या पिल्लांची हाडं कॅल्शियमअभावी खरंच मऊ होतात, चालताना पाय मोडलेले मी पाहिलेत. पण खारी विकतचं अन्न खाते. पिशवीवर ते पूर्ण आहार आहे असं लिहिलं असेल, तर त्यात कॅल्शियम असतं. वरून गोळ्या चारू नका.

तरीही एकदा तपासून घ्याच. रक्त, शी, दात. जंत असतील, पोटाला आतून सूज असेल, दाढ दुखत असेल तरी मांजर भलतं चघळतं. हे नाही ना, एवढं कळल्याशिवाय 'सवय आहे' असं म्हणू नये. मी स्वतः म्हणत नाही.

घरात काय करायचं ते आता सांगते, त्यातलं बरंचसं सासूबाई बसल्या जागी करू शकतील. दिवसभराचं अन्न मोजून एका डब्यात काढा आणि त्याचे पाच भाग करा. एक सकाळी, एक रात्री, उरलेले तीन दुपारभर. हे तीन भाग वाटीत देऊ नका. घरात अप्पेपात्र असेलच. त्याच्या खळग्यांत चार-चार दाणे टाका आणि काहींवर पिंगपाँगचा चेंडू ठेवा. चेंडू हलवला की खाणं सापडतं. पहिल्या दिवशी ती तुमच्याकडे बघत बसेल, तिसऱ्या दिवशी तिला ते बरोबर जमेल. माझ्या एका पेशंटच्या आजी तर हे बघायला दुपारची मालिका सोडतात.

रात्री घरी आल्यावर जेवायच्या आधी दहा मिनिटं काठीला पीस बांधून तिला पळवा. अगदी धाप लागेपर्यंत. शेवटी पीस तिला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. शिकार, मग जेवण, मग झोप, हा क्रम तिच्या अंगातच असतो. खेळ संपला की काठी दोरीसकट कपाटात. तिच्यापुरती ही दोरी म्हणजे दुसरी नाडीच.

एका पसरट कुंडीत गहू पेरा. नवरात्रात घटाला पेरतो तसेच. आठवडाभरात बोटभर कोंब येतात, ते तिला कुरतडू द्या. चावायची हौस तिथे भागते, आणि गवत चावणं हे मांजराचं नेहमीचंच काम आहे.

रबर झाकणाच्या डब्यात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण सुटा करू नका, पिशवीलाच लटकत राहू द्या. कचरेवाल्यांचंही काम सोपं होतं. शाल कपाटात. पण त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर तिला तिथे जाऊ देऊ नका, त्या मांजराला विषारी आहेत. आणि वस्तूंना लाल तिखट किंवा निलगिरीचं तेल चोपडायचा सल्ला कुणीतरी देईलच. निलगिरी आणि टी ट्री तेल मांजराला बाधतं. तिखटाने डोळे चुरचुरतात आणि नाडी खायची ती खातेच.

दोन महिने हे नेटाने करून फरक पडला नाही, तर डॉक्टर मेंदूवर काम करणारी औषधं देऊ शकतात. मी मोजक्या मांजरांना दिली आहेत आणि काहींना खरंच गुण आला. पण ती माणसाच्या पाकिटातून अंदाजाने द्यायची नसतात.

प्रश्न: आमचा बोका चार वर्षांचा आहे. कधीच असं करत नव्हता. दीड महिन्यापासून भिंतीचा चुना चाटतो, शीच्या ट्रेमधली माती खातो. झोप वाढलीय. पोटात उष्णता असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: हे पत्र मिळताच तुम्हाला निरोप धाडला आहे, इथे इतरांसाठी छापते.

लहानपणापासून चघळणारं मांजर आणि चार वर्षांनी अचानक माती खायला लागलेलं मांजर, दोघांकडे मी एका नजरेने बघत नाही. भिंत चाटणं, माती खाणं आणि सुस्ती एकत्र आली की माझ्या डोक्यात पहिला शब्द येतो रक्तक्षय. आजच उजेडात बसून वरचा ओठ उचला. हिरड्या तुमच्या ओठाच्या आतल्या बाजूसारख्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या, कागदासारख्या दिसल्या तर उद्याची वाट बघू नका.

अंगात पिसवा आहेत का बघा. पांढऱ्या ओल्या कापसावर त्याच्या पाठीची केसांतली काळी भुकटी झटका. ती विरघळून तांबूस झाली तर ते पिसवांनी प्यालेलं आणि शी केलेलं रक्त आहे. पिसवा नुसतं रक्त पीत नाहीत, तांबड्या पेशींवर बसणारे जंतूही पसरवू शकतात, आणि त्यांच्यावर औषध आहे. मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूचीही तपासणी करून घ्या, बाहेर भांडणारा बोका असेल तर नक्कीच. पिसवांवर कुत्र्याचं औषध मात्र टाकू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात, मेलेली मांजरं मी पाहिली आहेत.

पोटातली उष्णता आणि गुलकंद बाजूला ठेवा. आधी रक्ताचा रिपोर्ट.

प्रश्न: माझं वय ७८. घरी मी आणि मनी. रोज संध्याकाळी निरांजन शांत झालं की मनी देव्हाऱ्यावर चढून वात पळवते आणि खाते. दोनदा गेजवस्त्रही खाल्लं. शेजारी म्हणतात हे अशुभ. आजार आहे का?
— एक आजोबा, वाई

उत्तर: आजोबा, मनीला आजार नाही, तुमचं तूप चांगलं आहे. तिला वातीशी देणंघेणं नाही, तुपाबरोबर ती पोटात जाते. अशुभाचं म्हणाल तर मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन आहे, तिला देव्हाऱ्याचं कोण वावडं सांगणार?

एखादी फुलवात पोटात गेली तर सहसा शीवाटे निघून जाते. पण गेजवस्त्र हा कापसाचा लांब हार, म्हणजे वर सांगितलेली नाडीच. ती दोन्ही वेळा वाचली, पण पुन्हा परीक्षा नको. गेजवस्त्र पूजा झाली की उचलून ठेवा. निरांजनावर शांत झाल्यावर स्टीलचा पेला पालथा घाला, आणि तिला नाकाच्या टोकाएवढं तूप वेगळ्या वाटीत दिलंत तर मी रागावणार नाही. तेल-तुपाचा जळता दिवा मात्र ती खोलीत असताना एकटा ठेवू नका, मिशा जळालेलं एक मांजर नुकतंच येऊन गेलं.

आणि निर्माल्यातल्या हाराचा दोरा. झेंडूची फुलं सुकली की तो मोकळा होतो आणि मांजराला आवडतो. गणपतीच्या दहा दिवसांत आणि लग्नसराईत गजऱ्यांचे दोरे माझ्याकडे येतातच. टाकण्याआधी कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करत चला. तुमच्या हातांना कात्री जड जात असेल, तर निर्माल्याची पिशवी गाठ मारून दाराबाहेर ठेवा, रात्रभर घरात नको.